बुलढाण्याचा समुद्र

दिवाळीची सुट्टी लागली की बुलढाणेकराला समुद्र आठवतो. जिल्ह्याला जिजाऊंचं माहेर मिळालं, शेगाव मिळालं, कचोरी मिळाली. समुद्र तेवढा राहून गेला. ही उणीव अजून कोणाच्या जाहीरनाम्यात कशी आली नाही, याचंच नवल. मग दोन कुटुंबं मिळून गाडी ठरते, चिवड्याचे डबे भरतात, आणि पाचशेच्या वर किलोमीटर तुडवून मंडळी हरिहरेश्वरला पोचतात.

तिथे काळभैरवाचं दर्शन हे निमित्त. खरा कार्यक्रम प्रदक्षिणेचा. खडकाच्या खिंडीतून पायऱ्या उतरल्या की समोर समुद्र आणि पायाखाली काळा कातळ, खाऱ्या पाण्याने कोरून मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार केलेला. भरतीला ही वाट धोक्याची, तेव्हा तिकडे फिरकू नये असं सगळे सांगतात. पण भरतीची वेळ वऱ्हाडी माणूस लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्ताइतकीच मनावर घेतो.

अशा वेळी प्रत्येक गाडीत एक काका असतात. ते वाकून कातळावर हात फिरवतात आणि जाहीर करतात, "हा गोटा तं आपल्याकडलाच दिसते बाप्पा!"

"तुमी चूप राहा जी, पोरीले फोटू काढू द्या," काकू म्हणतात.

काका गप्प बसतात, पण त्यांचं भूगर्भशास्त्र चोख असतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचा बेसाल्ट झाला. त्याची एक कड कोकणात समुद्राला भिडली, आणि त्याच्यावरच अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाणा वसलं. म्हणजे मंडळींनी डिझेल जाळून आपल्याच अंगणाची दुसरी बाजू पाहिली.

राहता राहिलं खारं पाणी. ते जिल्ह्यातच, लोणारच्या सरोवरात आहे.

मेहकरला समृद्धी महामार्गाचा फाटा आहे, तिथून लोणार हाकेच्या अंतरावर. पण ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग ५ जून २०२५ला पुरता खुला झाल्यापासून बुलढाणेकर त्या फाट्यावरून सुसाट ठाण्याच्या दिशेने जातो. रस्ता चांगला झाला की माणूस आधी घरापासून लांब पळतो.

या लोणारला आकाशातून अशनी कोसळला आणि बेसाल्टात पावणेदोन किलोमीटरांहून रुंद, दीडशे मीटरांच्या आसपास खोल खड्डा पडला. (जगातलं एकमेव म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, ब्राझीलमध्येही बेसाल्टात अशी विवरं आहेत, पण ती आपल्या भाषणांत बसत नाहीत.) चंद्राचे काळे भाग बेसाल्टचेच, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचं अप्रूप. हा खड्डा ज्वालामुखीचा नसून आघाताचा, हे दाखवणारा निबंध १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. वयाचा घोळ मात्र सुटलेला नाही. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने ५ लाख ७० हजार. जिल्ह्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जून लावून देणारे गुरुजी लोणारला वेळेवर भेटले असते, तर हा वाद उरलाच नसता.

बाहेरच्यांनी बाकी लोणारकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त साबण आणि काच करायला लागणाऱ्या इथल्या मालाची नोंद घेतली. १८२३मध्ये अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी येऊन गेला. २०००मध्ये अभयारण्य झालं, २०२०मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. एवढे दाखले गोळा करूनही शेजारच्या तालुक्यातून कोणी मुद्दाम भेटायला येत नाही, हे दुःख बुलढाण्यातल्या कोणत्याही पदवीधराला समजावून सांगावं लागणार नाही.

२०२०च्या जूनमध्ये तर पाणीच गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला, हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांना बरे दिवस आले आणि त्यांनी रंग उधळला, असा उलगडा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केला. जगभर फोटो फिरले. बुलढाणेकरांनीही ते पाहिले, मोबाइलवर. टाळेबंदी सैल होऊन गाडी निघेपर्यंत पाऊस पडला आणि सरोवर पुन्हा हिरवं झालं.

कमळजादेवीच्या देवळाच्या बाजूला उतरलं की काठावर पांढरी खपली दिसते. तिच्यावर पाय पडला की पापडासारखी मोडते. वास सडक्या अंड्याचा. पाणी इतकं अल्कधर्मी, की चिमूटभर हळद टाकली तर कुंकवासारखी लाल होते. फुकटचा चमत्कार! पण घोडागाडी नाही, भेळ नाही, लाट तर नाहीच नाही, आणि स्टेटसला काय टाकणार? 'आज लोणार' असं लिहिलं तर लोक विचारतात, "काहून, कोणाकडं लग्न होतं का?"

हरिहरेश्वरहून परतताना काकू एक काळा गोटा पिशवीत घालून आणतात, समुद्राची आठवण म्हणून. घरी आल्यावर तो धुऊन, पुसून तुळशीपाशी ठेवतात. आठ दिवसांनी झाडायला आलेली बाई विचारते, "काकू, ह्या ओट्याचा गोटा निखळला का?"