येथे आग्रह केला जात नाही

मध्यमवर्गीय मराठी मुलाला नीट बोलायला यायच्या आधी 'नको' म्हणायला शिकवतात. दुसऱ्यांकडे गेल्यावर लाडवाची बशी पुढे आली की आधी आईच्या डोळ्यांकडे बघायचं. डोळे मोठे झाले की 'नको, आत्ताच खाऊन आलो.' यजमानीण म्हणते, 'अरे, घे रे!' आपण पुन्हा नको म्हणायचं, पण आवाज थोडा उतरवून. तिसऱ्या खेपेला ती लाडू हातात कोंबतेच, आणि आईच्या चेहऱ्यावर 'बघा, मुलगा कसा हावरट नाही' असं समाधान दिसतं. पंगतीतही तीच तऱ्हा. जिलबी हवी असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, मात्र बोटांमधून जिलबी पडेल एवढी फट ठेवून. या फटीवर आमचा सगळा समाज चालतो. गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष भाषणात सांगतो, 'मी पद मागितलं नव्हतं, सगळ्यांचा आग्रह पडला.' दुसऱ्या लग्नाचीही आमच्याकडे हीच हकिगत असते.

अशा वळणात वाढलेल्या माणसाने फ्रीमेसन, म्हणजे त्या जुन्या बंधुसंघाचा सभासद, व्हायचं मनात आणावं ही मोठीच पंचाईत. कारण तिथे आग्रह करणंच निषिद्ध. नव्या माणसाला दीक्षाविधीच्या सुरुवातीलाच सगळ्यांदेखत कबूल करावं लागतं की मित्रांच्या गळेपडूपणामुळे किंवा पैशाअडक्याच्या लोभाने मी आलेलो नाही, माझ्या मर्जीने आलो आहे. रोटरीत आधीचे सभासद तुम्हाला हेरून बोलावतात. लाफ्टर क्लबात, जो आपल्या मुंबईतच १९९५ साली निघाला, बागेत चुकून जवळ उभं राहिलं तरी लोक हात धरून हसायला लावतात. फ्रीमेसन मात्र शतकानुशतकं दाराआड बसून आहेत, की ज्याला यायचं असेल तो विचारील. अमेरिकेत म्हणे त्यांच्या गाड्यांच्या मागे तशा मजकुराचे स्टिकर असतात: आमच्यातला एक व्हायचं असेल, तर आमच्यातल्या एकाला विचार. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती संस्थेने, १९८१ मध्ये हे जरा सैल केलं. एखादा माणूस योग्य वाटला तर त्याच्याजवळ कोरड्या शब्दांत विषय काढायला हरकत नाही, पण पुढचं त्याच्या विचारावर सोडून द्यायचं. एकदा कोरडेपणाने विचारून गप्प बसायचं! आमच्या मावशीला असं वाढायला सांगितलं असतं, तर ती आजारी पडली असती.

मुंबईत फोर्टात यांचा हॉल आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. स्टर्लिंगला सिनेमा बघायला जाणाऱ्या किती जणांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं असेल, कोण जाणे. उत्तर हिंदुस्थानात अशा इमारतींना लोक 'जादूघर' म्हणायचे. आत काय चालतं ते दिसत नाही आणि बाहेर येणारे सांगत नाहीत, म्हणजे जादूच असणार. खरं म्हणजे जादू फारशी उरलेली नाही. सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने १७३० सालीच लंडनमध्ये एक पुस्तिका काढून विधी, प्रश्नोत्तरं, खाणाखुणा सगळं चव्हाट्यावर मांडलं होतं. तेव्हापासून हे गुपित विकत मिळतं. तरी लोक पुस्तक न घेता हॉलच्या बंद दाराकडेच बघत राहतात, आणि मला ते पटतं. पुस्तक वाचायला कुणाला काही विचारावं लागत नाही. त्यात आपली परीक्षा काय?

माझी परीक्षा आमच्याच लिफ्टमध्ये होती. वरच्या मजल्यावरचे काका रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या टायपिनवर गुण्या आणि कंपास. लहानपणी मला वाटायचं, इंजिनियर आहेत, हत्यारं हौसेने लावत असतील. पुढे कळलं की ही फ्रीमेसनांची खूण. जुन्या पाथरवटांची आणि गवंड्यांची हत्यारं त्यांनी शिकवणुकीसाठी उचलली आहेत. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात ठेवणं, कंपास म्हणजे हावेला वर्तुळ आखून देणं, ओळंबा म्हणजे सरळपणा. हे कळल्यापासून मी लिफ्टमध्ये काकांच्या टायकडे बघायचो आणि काका इंडिकेटरवरच्या आकड्यांकडे.

आपल्याकडे विचारायचं नसतं, सुचवायचं असतं. म्हणून मी सुचवू लागलो. 'काका, आज सूट? कुठे विशेष?' ते म्हणत, 'मीटिंग आहे.' मी 'हो का, हो का' म्हणत दोनदा मान हलवायचो, म्हणजे माझी उत्सुकता पुरेशी कळावी. एकदा तर मी सरळ म्हणालो, 'बंधुभाव हल्ली राहिलाच नाही हो.' काका म्हणाले, 'पार्किंगचं म्हणतोस ना? आहे खरं.' ताटावर मी इतकी मोठी फट ठेवली होती की तिच्यातून अख्खी परात गेली असती. पण वाढणाऱ्यालाच वाढायला बंदी. दोन सज्जन माणसं, एक नियमाने गप्प आणि दुसरा संस्काराने, तळमजल्यापासून माझ्या मजल्यापर्यंत रोज असा प्रवास करत होती.

या काळात मी जमेल तेवढं वाचलं. एरवीही धीर येत नसला की माणूस वाचतोच. आणि वाचताना लक्षात आलं, की आपण ज्याला लाजतो ते विचारणं काही लोकांनी फार भारी पडत असूनही केलं होतं. मुंबईचे माणेकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ. पुढे मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी अलेक्झांड्रा शाळा त्यांनीच काढली. त्यांनी फ्रीमेसन व्हायचं ठरवलं, तेव्हा मुंबईतल्या गोऱ्या मंडळींनी नकार दिला. ते इंग्लंडपर्यंत गेले, तिथेही दार उघडेना. शेवटी पॅरिसमध्ये एका फ्रेंच लॉजने, म्हणजे तिथल्या शाखेने, त्यांना घेतलं. म्हणजे मुंबईतल्या लॉजमध्ये जायला बाबा पॅरिसमार्गे गेले! परत आल्यावरही त्यांना इथे बसायला जागा होत नव्हती. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरच्या पुढाकाराने १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज मुंबईत निघालं, हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठीच.

हिंदूंची गोष्ट आणखी लांबली. एका परमेश्वरावर श्रद्धा ही यांची पहिली अट. आमच्या देवघरातली दाटी पाहून साहेबांना शंका आली असेल तर फार दोष देता येत नाही. शिवाय हा माणूस आमच्याबरोबर एका टेबलावर जेवणार का, हाही प्रश्न होताच. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी हा वाद वर्षानुवर्षं अर्जविनंत्या करून लढवला, आणि १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. त्यांच्यानंतर १८८४ मध्ये त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण अँकर अँड होप लॉजमध्ये दाखल झाला. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. मला कुतूहल आहे ते त्याने कुणाला आणि कोणत्या शब्दांत विचारलं असेल याचं. पण असल्या गोष्टी चरित्रकार टिपून ठेवत नाहीत.

उलट टोकाला आपला मुंबईत जन्मलेला किपलिंग. लाहोरच्या लॉजने १८८६ मध्ये त्याला एकवीस पूर्ण व्हायच्या आतच खास परवानगी काढून घेतलं. कारण त्यानेच पुढे लिहून ठेवलं आहे: लॉजला एक चांगला सेक्रेटरी हवा होता. बंधुभाव ठीक आहे, पण इतिवृत्त कोण लिहिणार? आमच्या हाउसिंग सोसायटीला हे दुःख विचारा.

मग एका संध्याकाळी लिफ्ट अडकली. असं लिहायला मला आवडलं असतं, पण लिफ्ट नीट चालत होती आणि त्यामुळे वेळ कमी होता. पाचव्या मजल्यावर मी म्हणालो, 'काका, मला फ्रीमेसन व्हायचंय. काय करावं लागतं?' वाक्य इतकं छोटं निघालं की मलाच चुटपुट लागली. एवढ्या तयारीच्या मानाने काहीतरी प्रस्तावना हवी होती. काकांनी पहिल्यांदाच आकड्यांवरची नजर काढली. 'हेच करावं लागतं,' ते म्हणाले. 'विचारावं लागतं. ये घरी, चहा घेऊ.' सातवा आला. काकांनी दार धरून ठेवलं, आणि लिफ्ट किंचाळायला लागली तरी सोडेनात.

चहावर काकू म्हणाल्या, 'ह्यांना केव्हापासून वाटत होतं, हा मुलगा विचारील म्हणून. मी म्हटलं, तुम्हीच बोला की. तर म्हणे, नियमात बसत नाही.' काका बशीत चहा ओतण्यात गर्क होते. मग त्यांनी पुढचं सगळं दोन मिनिटांत सांगितलं. वय एकवीसच्या वर हवं, ते माझं केव्हाच झालंय. ईश्वर मानतोस ना? कोणता ते कुणी विचारणार नाही. लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहेब शेजारी शेजारी असतात आणि शपथ ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर घ्यायची. धर्म आणि राजकारण यांवर तिथे चर्चा करायची नाही. (महाराष्ट्रात दीडदोन तास राजकारणावर न बोलणारी पुरुषांची बैठक! मला वाटतं, खरं गुपित हेच असणार.) एक सूचक, एक अनुमोदक, मग मुलाखत, मग गुप्त मतदान. पेटीत पांढऱ्या किंवा काळ्या गोट्या टाकायच्या आणि मोजक्या काळ्या निघाल्या तरी अर्ज बाद. धंदा वाढेल, ओळखी होतील अशा हिशेबाने येणार असशील तर आत्ताच सांग. वर्गणी आहे, दानधर्म आहे, पाठांतर पुष्कळ आहे. 'आणि घरी विचारलंस का?' ते म्हणाले. 'बायकोची हरकत असेल तर आम्ही पुढे जात नाही.'

म्हणजे आणखी एकीला विचारायचं होतं. ती गवार मोडत होती. बायकांना प्रवेश नाही हे मी जरा घाबरतच सांगितलं. ती म्हणाली, 'आमच्या भिशीला तरी कुठे पुरुषांना असतो?' गुपितं असतात म्हटल्यावर तिने विचारलं, 'तुमच्याजवळ? रहायची का ती?' मग महिन्यातून किती वेळा, जेवण तिथेच का, येताना उशीर होणार का, हे तिने व्यवस्थित विचारून घेतलं. मुलाखत समितीने यापेक्षा जास्त काही विचारलं नसतं.

तेवढ्यात मला दीक्षेबद्दल वाचलेलं आठवलं आणि बोलण्याच्या ओघात मी सांगून गेलो. पहिल्या दीक्षेच्या वेळी डोळ्यांवर पट्टी असते, गळ्यात दोरी असते, अंगावर नाणी, अंगठी असं धातूचं काही ठेवत नाहीत. शर्टाची बाही वर, एका पायात सपात, आणि डावी पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, कारण गुडघा टेकायचा असतो तो उघडाच.

गवार मोडायची थांबली. 'डावा?'

'डावा.'

'तुमचा डावाच दुखतो ना? तो नी-कॅप काढून टेकणार गुडघा? आणि उठवणार कोण?'

'बंधू असतात की आजूबाजूला.'

'त्यात ती बाजूला धातूची पट्टी आहे,' ती म्हणाली. 'चालते का, विचारून या.'

मी चपला घातल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने सातव्या मजल्यावर गेलो. बेल दाबली. काकूंनी दार उघडलं, तर मागे काका पेपर वाचत होते.

'काका,' मी दारातूनच म्हणालो, 'नी-कॅप चालते का हो?'