शुबर्टसाहेब, पेडल कोणाच्या पायाखाली?

श्री. फ्रान्झ शुबर्ट, मुक्काम व्हिएन्ना, यांस
दादरहून सा. न. वि. वि.

१८२८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपण गेलात त्याच वर्षी, आपण एफ मायनर फँटसी लिहिलीत आणि आपल्या शिष्येला, काउंटेस कॅरोलिन एस्टरहाझींना, अर्पण केलीत. एक पियानो, एक बाक, चार हात. कल्पना सुरेख. फक्त त्या बाकावर पुढेमागे नणंद-भावजय बसतील आणि वर माइक लावून रेकॉर्डिंग करू म्हणतील, हे आपल्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

पट्ट्या ८८, लांबी जेमतेम सव्वा मीटर. वरची बाजू, म्हणजे प्रिमो, माझ्याकडे. खालची, सेकोंडो, वहिनीकडे. मधल्या सप्तकात मी एखाद्या पट्टीवरून बोट उचलते न उचलते तोच तिथे वहिनीचं बोट हजर. वहिनीच्या बांगड्या उतरवायला आमची आई तयार नाही, त्यामुळे आपल्या फँटसीत आता तालवाद्यही आहे. सूर लांबवणारं पेडल एकच, आणि रिवाजानुसार ते सेकोंडोच्या पायाखाली. म्हणजे सूर मी लावायचा आणि तो किती रेंगाळायचा हे वहिनीने ठरवायचं. घरातली बाकीची कामंही अशीच चालतात, म्हणून इथे जास्त बोलत नाही.

लोक म्हणतात, चुकलं तर कापून जोडा. दोन गायिका असत्या तर दोघींपुढे दोन माइक ठेवले असते. इथे दोघींचे सूर एकाच साउंडबोर्डातून बाहेर पडतात. माइक कुठेही सरकवा, तिचं-माझं वेगळं होत नाही. तिचा खर्ज जड झाला तर मागाहून हलका करता येत नाही, आणि माझं एक बोट घसरलं की तिचं निर्दोष पानही रद्द. तिचा भाग आधी रेकॉर्ड करून त्यावर माझा चढवावा, तर आपली लय श्वासागणिक मागेपुढे होते. समोरची वहिनी माझ्यासाठी क्षणभर थांबते. हेडफोनमधली कालची वहिनी मुळीच थांबत नाही.

त्यात आपण चारही भाग सलग जोडलेत. अठरा-वीस मिनिटं. साहेब, मुंबईत वीस मिनिटांची शांतता विकतही मिळत नाही. आपली सुरुवात इतकी हळुवार की माइकचा गेन वाढवावा लागतो. गेन वाढवला की पंखा ऐकू येतो, म्हणून पंखा बंद. मग रस्ता ऐकू येतो, म्हणून खिडकी बंद. घामाघूम होऊन दुसऱ्या भागाशी पोचावं, तर शेजारच्या कुकरची शिट्टी, आणि तीही एफ शार्प मायनरमध्ये नाही. पान उलटायला चारांपैकी एकही हात मोकळा नाही, म्हणून दादाला उभं करतो. त्याला नोटेशन येत नाही. वहिनी मान हलवते तेव्हा तो नेमका फोनवर क्रिकेटचा स्कोअर पाहत असतो. बरं, उरलेलं पुढच्या महिन्यात करू म्हणावं तर पावसाळा लागतो, लाकूड फुगतं, मधल्या सप्तकाचे सूर चढतात आणि मेचा टेक जुलैच्या टेकला जुळत नाही.

खरं तर चार हातांचा पियानो हाच त्या शतकातला ग्रामोफोन. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. तोवर बेथोव्हेनची सिंफनी घरी ऐकायची तर चार हातांसाठी उतरवलेली प्रत आणून दोघांनी वाजवायची. चुकलं तर हसायचं, पुढे जायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुरावा शून्य! आपली केवढी सोय होती, आणि आम्ही ती स्वतःच्या हातांनी, चारही हातांनी, घालवून बसलो आहोत.

लोभ असावा, ही विनंती.

आपली,
प्रिमो (नणंद)

ता. क. : डिजिटल पियानो घेतला तर एकेक सूर सुटा करून दुरुस्त करता येईल, असं दादा सुचवतो. पण मग कोण कुठे चुकलं तेही स्क्रीनवर दिसेल. वहिनीने आणि मी, लग्न होऊन ती या घरात आल्यापासून प्रथमच एकमताने, सूचना फेटाळली आहे.