थांब, येतोय!

हा माणूस तुमच्याही ओळखीत आहे. साठीकडे झुकलेला, दाढी पांढरी, टी-शर्ट काळा. टी-शर्टवर एक त्रिकोण आणि त्यातून बाहेर पडणारं इंद्रधनुष्य. आमच्या भाऊंच्या टी-शर्टावरचं इंद्रधनुष्य धुऊन धुऊन पार उडालंय, नुसता त्रिकोण उरलाय. परवा गाडीत एका आजीबाईंनी त्यांना विचारलं, "भूमितीचे सर का तुम्ही?" पिंक फ्लॉइडचा १९७३ चा तो जगप्रसिद्ध अल्बम आजींना समजावून सांगायला भाऊंनी पालघर ते बोईसर असा अख्खा प्रवास खर्च केला. आजी उमरोळीलाच उतरणार होत्या. त्यांना उतरता आलं नाही.

भाऊ राहतात पालघरला, नोकरी तारापूर एमआयडीसीत, मेंटेनन्सला. रॉक ऐकणारे आमच्याकडे तसे बरेच निघतील. भाऊ गाणं ऐकतच नाहीत, ते गाण्यातला गिटारचा सोलो ऐकतात. बाकीचं गाणं म्हणजे लग्नातली भाषणं, पंगत बसेपर्यंत सोसायची. सोलो जवळ आला की त्यांची उजवी तर्जनी वर जाते, डोळे मिटतात आणि हुकूम सुटतो : "थांब. येतोय."

मग समोरच्यानं थांबायचं. काय वाट्टेल ते चाललेलं असो. माझ्या मुलीचं बारावीचं काय झालं हे त्यांनीच विचारलं होतं; मी "ब्याऐंशी..." म्हणेपर्यंत बोट वर गेलं. पुढचे टक्के मी दोन मिनिटांनी सांगितले, तोवर कौतुकाचा जोर ओसरला होता. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून त्यांनी बोट वर केलं, तेव्हा डॉक्टरांना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

सकाळच्या डहाणू लोकलचं तर त्यांनी शास्त्र केलंय. पालघरहून गाडी हलली की 'स्टेअरवे टू हेवन' सुरू करायचं. आठ मिनिटांचं गाणं, सोलो येतो सहाव्या मिनिटाच्या तोंडाशी. म्हणजे उमरोळी सुटता सुटता जिमी पेज हजर! "आणि हा सोलो लेस पॉलवर नाही बरं का, टेलिकास्टरवर वाजवलाय. जेफ बेकनं भेट दिलेली टेलिकास्टर!" हे ते इतक्या तावातावानं सांगतात, जणू डब्यात कुणीतरी लेस पॉलची बाजू घेऊन बसलं होतं. आमच्या डब्यात बाजू घेतली जाते ती फक्त खिडकीची. पण सिग्नल न मिळून गाडी उमरोळीच्या अलीकडेच उभी राहिली, तर भाऊंचा सगळा दिवस नासतो. कारखान्यात उशीर झाल्याचं दुःख नाही. सोलो शेतात वाजला याचं.

त्यांच्याकडे याद्याही असतात. जगातले दहा थोर सोलो. पहिला नंबर डेव्हिड गिल्मरचा, 'कम्फर्टेबली नम्ब'मधला दुसरा. पहिला सोलो नव्हे, दुसरा. साडेचार मिनिटांनी सुरू होणारा. दोन ते दहा नंबर पगाराच्या तारखेनुसार बदलतात. 'हॉटेल कॅलिफोर्निया'त डॉन फेल्डर आणि जो वॉल्श दोघं मिळून वाजवतात, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं यावर मुंबईकडे जाताना वैतरणा येईपर्यंत त्यांचं एकट्याचंच भांडण चालतं. व्हॅन हेलनच्या 'इरप्शन'ला यादीत घ्यायचं की नाही हा एक स्वतंत्र खटला आहे, कारण ते पावणेदोन मिनिटांचं गाणं म्हणजे नुसता सोलोच. मग बोट कुठल्या क्षणी वर करायचं? (आमच्या भागाचं नावही एका यादीत पहिलं आलंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१८ ची प्रदूषित औद्योगिक वसाहतींची यादी. तेव्हा कुणी बोट वर केलेलं आठवत नाही.)

फ्रेडी मर्क्युरी त्यांच्या लेखी 'आपल्या लाइनचा'. मूळ आडनाव बुलसारा, घराणं बलसाडकडचं, बलसाड म्हणजे आपल्याच पश्चिम रेल्वेवर, वापीच्या पुढे. तो जन्मला झांझिबारला, शिकला पाचगणीला, आणि या लाइनवरनं कधी गेला असेल तर पाससुद्धा काढला नसेल, हे मुद्दे भाऊंसमोर टिकत नाहीत. त्याच्याच क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे. त्यानं वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार बनवली, १९६३ मध्ये कामाला सुरुवात केली. मान केली जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई, आत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. ही कथा भाऊंनी वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी सांगितली. पोरं थक्क होतील अशी अपेक्षा होती. आमच्या फिटरनं शांतपणे विचारलं, "स्प्रिंगा बुलेटच्या का?"

"पँथर नावाची गाडी होती. १९२८ ची."

"मग बरोबर. तेव्हाचं मटेरियल चांगलं होतं."

पुढे हाच ब्रायन मे खगोलशास्त्रात डॉक्टरेट झाला, २००७ साली, हे सांगायचं राहूनच गेलं, कारण चर्चा स्प्रिंगांच्या आजच्या भावावर गेली.

त्याच २००७ मध्ये पिंक फ्लॉइडवाला रॉजर वॉटर्स मुंबईत आला होता. भाऊ गेले नाहीत. कारण? गिल्मर बरोबर नव्हता. "सोलो दुसरंच कुणी वाजवणार. मी कशाला जाऊ?" असं म्हणून ते घरी बसले आणि त्या रात्री त्यांनी तीच गाणी इतक्या मोठ्यानं लावली की वॉटर्सला एमएमआरडीएच्या मैदानावर ऐकू गेली असावीत. गिल्मरनं आपली काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये लिलावात काढली आणि ती जवळजवळ चाळीस लाख डॉलरला गेली, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "आपल्या कपाटावरची कितीला जाईल?"

आणि हळदीचा तो प्रसंग. आमच्याकडे हळदीला बेंजो पार्टी लागते, त्याशिवाय हळद अंगाला चिकटतच नाही. त्या रात्री बेंजोवाला पोरगा रंगात आला, त्यानं ठरलेलं गाणं सोडून दिलं आणि तारांवर सुटला. भाऊ मांडवाच्या मधोमध उभे, डोळे मिटलेले, बोट वर. समोरून वरमाई ताट घेऊन आल्या. भाऊ ओरडले, "ताई, थांबा! येतोय!"

वरमाईंना वाटलं, मामा आला. त्यांनी आत आरोळी दिली. सगळ्या बायका ओवाळणीची ताटं घेऊन दाराशी धावल्या, फटाके लागले, कुणीतरी शुद्ध हेतूनं ढोलवाल्यांनाही इशारा केला. दारात कुत्रं होतं. खरा मामा पाऊण तासानं आला तेव्हा फटाके संपले होते. तो रुसला तो रुसलाच.

एवढं सगळं असून भाऊंना स्वतःला वाजवता येतं का? कपाटावर एक गिवसन आहे. गिब्सन नव्हे, गिवसन. आपल्याकडच्या गरीब पोरांचा पहिला गुरू. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेली. सी झाला, जी झाला, एफ कॉर्डला बोट आडवं दाबायची वेळ आली आणि तिथंच तीन पाळ्या सुरू झाल्या. आठवडाभर नाइट, मग फर्स्ट, मग सेकंड. क्लासचे सर रोज संध्याकाळी सहाला शिकवायचे. दर तिसऱ्या आठवड्याला सेकंड आली की संध्याकाळी सहा ही वेळ भाऊंच्या हातून जायची. तारा खाऱ्या हवेनं गंजल्या त्या गंजल्या. वहिनी त्यावरची धूळ दर दसऱ्याला पुसतात, झेंडूचं फूल वाहतात. यंत्र म्हणून.

आता टोनी आयोमी. हे नाव निघालं की भाऊ बोट वर करत नाहीत, आवाज खाली आणतात.

बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, सतरा वर्षांचं पोर, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आलेला, परत जायचं नव्हतंच. आई म्हणाली, दिवस पुरा कर. गेला. प्रेसवरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला त्याच्या मशीनवर बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि पोरगा डावखुरा, तारा दाबायची बोटं तीच. मग त्याच्या वरच्यानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. त्या जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती. यानं साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोप्या केल्या. साध्या तारा बोटांना झेपेनात, म्हणून हलक्या तारा लावल्या, त्यांत बेंजोच्यासुद्धा. पुढे ताण कमी करायला तारा उतरवल्या. तो जड, काळोखी आवाज, ज्याला जग हेवी मेटल म्हणतं, त्याच्या पोटात एक पॉवर प्रेस आहे. त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडची पहिली रेकॉर्ड १९७० ची.

चार मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. बॅज लावायचे, शपथ घ्यायची, एकानं भाषण करायचं. एके वर्षी वक्ता आला नाही आणि भाऊंना उभं केलं. भाऊंनी हेल्मेट, बूट, गॉगल सगळं सोडून आयोमी सांगितला. शेडमध्ये सुई पडली तरी ऐकू आली असती. ठेक्यावरची पोरं, कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, कुणी विक्रमगडकडचा, पहिल्यांदाच सुरक्षेच्या भाषणात जागी होती. शेवटी भाऊ म्हणाले, "म्हणून सांगतो, बदली म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर बसू नका. नाही म्हणा." मागच्या रांगेतले साहेब चुळबुळले. ज्या पोरांचं सगळं आयुष्यच बदलीवर चाललंय, त्यांनी नाही कुणाला म्हणायचं?

एका पोरानं हात वर केला. भाऊंना वाटलं, कुठलं गाणं ऐकू असं विचारेल.

"सर, कंपनी ने उसको कितना दिया?"

जगातल्या प्रत्येक सोलोचा सेकंद पाठ असलेला माणूस तिथं गप्प झाला.

पुढच्या वर्षी भाषणाला बाहेरचे पाहुणे आले, स्लाइड दाखवून गेले. भाऊंना कुणी बोलावलं नाही. पण रविवारी ते माझ्या घरी येतात, बरोबर कुणीतरी हाताला पट्टी बांधलेलं पोर असतं. माझं अक्षर बरं म्हणून नुकसानभरपाईचा अर्ज मी लिहायचा. ठेकेदाराचं नाव पोराला नीट माहीत नसतं, फोन नंबर असतो. मध्येच भाऊंच्या खिशात गिल्मर सुरू होतो आणि मला पेन खाली ठेवावं लागतं, त्या पोरालाही कण्हायचं थांबवावं लागतं.

अपघाताची वेळ, असा रकाना येतो. पोर म्हणतं, "खाने के बाद."

"खाने के बाद म्हणजे? सायरन झाला होता? चाय आली होती? गाडी गेलेली ऐकली का तू?" असं खोदून खोदून भाऊ वेळ काढतात. "मिनिट लिहिलं नाही तर म्हणतील ड्युटी संपली होती. लिही, दोन वाजून दहा मिनिटं."

"सेकंद?" मी विचारलं.

"रकाना नाहीये," भाऊ म्हणाले. "असता तर सांगितला असता."