दरवर्षी धोंड्याचा महिना

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं. त्यावर एकादशी, संकष्टी असा छापील मजकूर असतो, पण तो तोंडी लावण्यापुरता. खरा मजकूर आईच्या पेन्सिलीचा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावला ती तारीख, कामवाल्या मावशींच्या दांड्या आणि अलीकडे काही चौकोनांत एक 'मो'. 'मो' म्हणजे तिच्या मोबाईलला रिचार्ज मारला तो दिवस. डिसेंबर सरला, जुनं कालनिर्णय खिळ्यावरून उतरलं आणि आईने वर्षाचा ताळेबंद मांडला. सिलिंडर सात. मावशींच्या दांड्या मोजायच्या नाहीत असं तिने स्वतःच ठरवलं. 'मो' मात्र तेरा निघाले.

"अरे, महिने बारा आणि रिचार्ज तेरा? एकदा चुकून दोनदा मारलास की काय?"

मी तिला समजावलं, की कंपनीचा महिना २८ दिवसांचा असतो. असे तेरा घेतले की ३६४ दिवस होतात. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दरवर्षी धोंड्याचा महिना म्हण की!"

गेली कित्येक वर्षं मी या विषयावर चिडतोय, पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. आपल्या पूर्वजांना अधिक महिना काढायला सूर्य आणि चंद्र दोघांच्याही चाली मोजाव्या लागल्या. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं, ते दिवस साठत साठत सुमारे ३३ महिन्यांनी एक महिना जादा धरायचा. त्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, ३३ अनारशांचं वाण द्यायचं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा आईने आमच्या भावोजींना ते दिलं, भावोजींनीही दोन दिवस नाही नाही म्हणत घेतलं. आता तीन वर्षं बघायला नको. कंपनी हा असा जावई, की जो दरसाल दारात उभा. वर आपण वाण दिलं नाही तर रुसून आधी आऊटगोइंग बंद करतो आणि मग इनकमिंग.

बरं, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत जायला प्रत्यक्ष चंद्राला साडेएकोणतीस दिवस लागतात. कंपनीचा चंद्र ते २८ दिवसांत उरकतो. इस्रोने लक्ष घालावं असा हा प्रकार आहे.

आता यावर कुणी कधी बोललंच नाही असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने कंपन्यांना बजावलं, की बाबांनो, किमान एक पॅक ३० दिवसांचा ठेवा आणि किमान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवा. एखाद्या महिन्यात ती तारीखच नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरा. म्हणजे फेब्रुवारी नावाचा महिना असतो हे एका सरकारी यंत्रणेला कंपन्यांना लेखी कळवावं लागलं! (तसा फेब्रुवारी हाच काय तो कंपनीचा सच्चा महिना. तोही लीप वर्षी बिघडतो.) आदेशाचं पालन झालंच. फक्त आपल्याकडे 'किमान एक' याचा अर्थ 'कमाल एक' असा घेतात, आणि तो एकही ॲपमध्ये असा ठेवतात, की शोधणाऱ्याला सत्यनारायणाच्या कथेत लीलावतीच्या नवऱ्याला पूजा घालायला जेवढा वेळ लागला तेवढा लागावा.

महिना सोडा, मोठा पॅक घ्या, असं दुकानदार म्हणाला. मोठा किती दिवसांचा? ८४. आता ८४ हा आकडा आपल्याकडे कुठे ऐकलाय हे वेगळं सांगायला नको. लक्ष योनी तेवढ्या कमी, फेरा तोच. मग वर्षाचा घ्या, म्हणाला. वर्षाचे म्हणून जे पॅक विकले गेलेत त्यात ३३६ दिवसांचेही आहेत. गणित चोख आहे हो, बारा गुणिले अठ्ठावीस. फक्त वर्ष संपतं तेव्हा बाहेर अजून डिसेंबर चालू असतो.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला. तारीख पुन्हा वाचा: एकतीस. म्हणजे बसूंनी पहिल्या तारखेला आजचा पॅक मारला असता तर तो कॉल लागलाच नसता. "आपल्या प्लॅनची वैधता संपली आहे," असं एका बाईंनी मुख्यमंत्र्यांना ऐकवलं असतं, आणि इतिहास २९ तारखेलाच अडकला असता.

आईचा फोन बटणांचा. त्यात इंटरनेट नाही, कॅमेरा नावापुरता, टॉर्च मात्र गल्ली उजळेल एवढा. या फोनला कंपनी कित्येक वर्षं रोज दीड जीबी डेटा वाढत होती. मधुमेह्याच्या पानात रोज बासुंदीची वाटी ठेवायची, तो ती उष्टावत नाही म्हणून रात्री बाराला उचलून न्यायची, आणि पैसे लावायचे ते लावायचेच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं, की ज्याला बोलायचंच आहे त्याला नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक द्या. आईला मी आनंदाने ही बातमी सांगितली. "किती दिवसांचा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी." ती देवघराकडे बघून हसली.

या घरात कंपनीवर खरा विश्वास ठेवला तो एकट्या अण्णांनी. २००५ च्या अखेरीला 'लाईफटाईम'ची टूम निघाली. ९९९ रुपये एकदाच भरा, इनकमिंग आयुष्यभर. अण्णा हिशेबी माणूस, एसटीच्या कॅशमध्ये हयात गेली. त्यांनी पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एलआयसीच्या बाँडशेजारी ठेवली. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. ते आयुष्य कंपनीच्या परवान्याचं होतं, ग्राहकाचं नव्हे. २०१८ च्या अखेरीला फर्मान आलं, की इनकमिंग चालू ठेवायचं तर किमान ३५ रुपयांचा रिचार्ज मारा. वैधता? २८ दिवस. अण्णांनी पिशवीतून पावती काढली, उलटसुलट पाहिली आणि एवढंच म्हणाले, "मी आहे अजून. लाईफटाईम वारलं."

तेव्हापासून ते कंपनीच्या मेसेजला 'दहाव्याचं पत्र' म्हणतात.

एवढं सगळं रामायण झाल्यावर मी आईला नवा फोन घ्यायचं ठरवलं, ही चूक माझीच. 'जुना द्या, नवा घ्या, २५,००० रुपयांपर्यंत सूट' अशी पाटी होती. माझा स्वतःचा तीन वर्षांचा स्मार्टफोन आईला द्यायचा नाही, तो मोडीत घालून तिला नवा, असा बेत. दुकानातल्या मुलाने फोन हातात घेतला, तिरका धरला, उजेडात नेला. काचेवर ओरखडा, हजार वजा. कडेला पोचा, दोन हजार वजा. बॅटरीकडे पाहून त्याने नुसता चुकचुक आवाज केला, त्या आवाजाचे किती गेले कळलं नाही. शेवटी पाटीवरचा 'पर्यंत' हा शब्द चौतीसशेवर येऊन थांबला. बाकीचं नो कॉस्ट ईएमआयवर. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. इथे व्याज शून्य, फक्त प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी.

आई सगळं बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपली बोहारीण बरी होती रे. ती जुन्या साडीचे काठ असेच तपासायची, पण घासाघीस केली की पातेल्यावर एक चमचा तरी ठेवायची. आणि पातेल्याचं झाकण वेगळं विकत घे असं कधी म्हणाली नाही." हे शेवटचं चार्जरबद्दल. नव्या फोनच्या खोक्यात तो नव्हता.

नवा फोन न घेताच आम्ही परतलो. घरी पोचेपर्यंत आईच्या फोनचा २८ वा दिवस मावळला होता. सकाळी दूधवाले शिंदे महिन्याचा हिशेब घेऊन आले. आईने कालनिर्णय काढलं, दोन खाडे दाखवले. त्यांनी दोन दिवसांचे पैसे काटले आणि एकतीस वजा दोन, एकोणतीस दिवसांचे घेतले.

"शिंदे, तुम्हीच एक मोबाईल कंपनी का काढत नाही?" आई म्हणाली.

शिंदे कॅनचं झाकण लावत म्हणाले, "नको काकू. आमच्या म्हशीला अठ्ठावीसपर्यंतच मोजता येत नाही."