झिजण्याआधी म्हातारे होणारे टायर

अमेरिकेत आरव्ही नावाचे एक वाहन असते. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि टीव्ही असतो. म्हणजे घरातल्या ज्या गोष्टींना कंटाळून माणूस सहलीला निघतो त्या सगळ्या. हे घर कधी स्वतःच्या इंजिनावर चालते, कधी पिकअप ट्रकच्या मागून ओढले जाते. कसेही गेले तरी ते रस्त्याला टेकते टायरवर, आणि एका टायरचा रस्त्याला लागलेला भाग वहीच्या पानाहूनही लहान असतो. मालकाचे लक्ष मात्र छपरावरच्या डिश अँटेनाकडे असते.

साध्या मोटारीचा टायर पळून पळून झिजतो. आरव्हीच्या टायरला ते भाग्य नाही, कारण ती वर्षातले बहुतेक दिवस उभीच असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत टायरची नक्षी निदान २/३२ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर खोल लागते. ती तपासायला लोक एक सेंटचे नाणे उलटे करून खाचेत घालतात. नाण्यावरच्या लिंकनचा माथा दिसू लागला की टायरचा गोटा झाला असे समजायचे. आरव्हीच्या बाबतीत ही परीक्षा फसवी ठरते. लिंकन कपाळापर्यंत बुडालेला दिसतो, मालक खूश होतो, आणि टायर आतून वाळलेला असतो. रबरात ओझोनपासून बचाव करणारी रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना लवतो, दबतो आणि ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरचे हे थांबते. बसून राहिल्याने गुडघे धरलेल्या निवृत्त गृहस्थांसारखा तो कोरडा पडतो आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागतात.

ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला हिवाळ्यात या भेगांचे संमेलन भरते. एरवी दोन-अडीच हजार वस्तीचे हे वाळवंटी गाव. जानेवारीत थंडीला कंटाळलेले उत्तरेकडचे अमेरिकन आणि कॅनडावासी आपापली घरे घेऊन तिथे येतात आणि उन्हात आठवडेच्या आठवडे खुर्च्या टाकून बसतात. स्वतःच्या नाकाला ते सनस्क्रीन लावतात. टायर तसेच उन्हात. खरे तर चाकांवर पांढरी कापडी आवरणे घालणे, खाली फळ्या सरकवणे, साबणपाण्याने धुणे एवढेच करायचे असते. चमक आणणाऱ्या पेट्रोलियमयुक्त पॉलिशांपासून मात्र दूर राहावे; टायर लखलखतो आणि रबर लवकर खराब होते.

वय ओळखणे सोपे आहे, कारण टायर ते लपवत नाही. बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे चार अंक जन्मतारीख सांगतात: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. अडचण एवढीच की पूर्ण क्रमांक बहुधा एकाच बाजूला असतो, आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत केली तर मालकाला टॉर्च घेऊन गाडीखाली लोळावे लागते. पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांपलीकडे कोणताही टायर ठेवू नये, असे काही मोठे उत्पादक सांगतात. अनुभवी आरव्हीवाले सहा-सात वर्षांतच बदलून मोकळे होतात. शहाणपण त्यांच्याकडेच आहे.

आता वजन. उन्हे, वय, भेगा यांना निसर्ग जबाबदार. वजनाला फक्त माणूस. आरव्हीत किती सामान भरता येईल याची पाटी आतच चिकटवलेली असते, आणि कपाटे मात्र त्याच्या दुप्पट माल मावेल अशी. पाण्याची चाळीस गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच संपले. उन्हाळ्यात यलोस्टोनला आरव्ही भाड्याने घेऊन निघालेल्या मराठी कुटुंबाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो. दोन कुकर (एक भाताचा, एक ‘असू दे’ म्हणून), तांदळाची पिशवी, भाजणी, चिवड्याचे डबे, भारतातून आलेले आईबाबा, आणि आईंनी सोबत घेतलेले स्टीलचे पिंप, कारण तिकडचे पाणी कसे असेल कोण जाणे. यातला एकही जिन्नस अनावश्यक आहे असे सांगण्याची हिंमत जावयात नसते. तेव्हा निदान भरलेली गाडी ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर न्यावी. एकूण वजनापेक्षा प्रत्येक चाकावरचे वजन कळले तर उत्तम, कारण स्वयंपाकघर एका बाजूला असते आणि ती बाजू दबते. एका आसावरच्या सर्व टायरांत हवा सारखीच, पण ती जड बाजू पाहून ठरवायची.

किती हवा, हे उत्पादकाच्या वजन-दाबाच्या तक्त्यात असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल वजनासाठीचा असतो. भाड्याच्या गाडीत चालकाच्या दाराजवळचा स्टिकर पाहावा. दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजावा. तापमान दहा अंश फॅरनहाइटने बदलले की दाब सुमारे दोन टक्के बदलतो. दुपारी गरम टायरचा वाढलेला आकडा पाहून हवा सोडणारे महाभाग भेटतात. संध्याकाळी त्यांचे टायर नरम पडलेले असतात. नरम टायर जास्त लवतो, लवला की तापतो, आणि आरव्हीचे बहुतेक टायर या तापानेच फुटतात.

सप्टेंबर २००७पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाली की दिवा लागतो. कायद्यानेच तशी सक्ती आहे. पण ती १०,००० पौंडांपर्यंतच्या वाहनांपुरती, आणि मागे जोडचाके असतील तर तीही नाही. म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणाऱ्या गाडीला दिवा आहे, आणि तीन पिढ्या घेऊन डोंगर चढणाऱ्या घराला नाही. व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर बाजारात मिळतात, ते घ्यावेत. जोडचाकांत आतला टायर बसला तरी बाहेरचा भार उचलून उभा राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. मग तोही जातो. काही ट्रकवाले लाकडी दांडक्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखतात. बघायला रुबाबदार दिसते, पण पूर्ण बसलेला टायर तेवढा यातून कळतो, वीस पीएसआय कमी असलेला कळत नाही.

वेगाचे थोडक्यात: ट्रेलरसाठीचे अनेक टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. टेक्ससमधल्या राज्य महामार्ग १३० वर ८५ची पाटी आहे. ती टायरला वाचता येत नाही.

एवढे करूनही टायर फुटला, तर ब्रेक दाबू नये. गाडी फुटलेल्या बाजूला ओढते, ब्रेकने ती अधिकच ओढते. स्टिअरिंग घट्ट धरावे, ॲक्सिलरेटर क्षणभर दाबून गाडी सरळ धावती ठेवावी आणि मग पाय काढून हळूहळू कडेला यावे. मागच्या सीटवरून याच वेळी ‘थांब, थांब’ असा ओरडा होतो. तो ऐकायचा नाही. बऱ्याच मोठ्या आरव्हींत स्टेपनी नसतेच, आणि असली तरी तिचे चाक एकट्याला उचलवत नाही. रस्त्यावर मदत पुरवणाऱ्या सेवेचा नंबर निघण्यापूर्वीच फोनमध्ये घालावा.

नवा टायर घेताना दुकानातही तारीख वाचावी, कारण गोदामात दोन वर्षे पडून राहिलेला टायरही नवाच म्हणून विकला जातो. दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी वाचावी. आणि चाके बसवून पन्नास ते शंभर मैल गेल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत. दुकानात ते आवळलेले असतात हे खरे, तरीही घ्यावेत.