पाऊणशे शिंदीची झाडं

धर्माबादला उतरलं की दोन गोष्टी टळत नसत. मोंढ्यात मिरची आलेली असली की शिंक येई, आणि ओट्यावर आप्पा बसलेले असले की हैदराबादचा मुक्तिसंग्राम ऐकावा लागे. शिंकेवर निदान रुमाल चाले.

आप्पा हा एक माणूस नव्हे, नमुना आहे. उमरी, बिलोली, देगलूर, कंधार, उदगीर, निलंगा, जिथं म्हणून निजामाचा अंमल होता तिथं गावोगावी एकेक आप्पा होता. मी जवळून चार-पाच पाहिले आणि सोयीसाठी सगळ्यांना एकाच धोतरात बसवलं आहे. पांढरं धोतर, खादीची टोपी, हातात काठी आणि वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेला एसटीचा पास. भिंतीवर १९७२ सालचा ताम्रपट. तो दरवर्षी १६ सप्टेंबरला खाली उतरे आणि आजी तो चिंचेनं घासे. "देश ह्यांनी सोडवला," ती म्हणे, "तांबं मी घासूलाले."

नातवानं मोबाइलवर म्हाताऱ्या झालेल्या सुपरहिरोंचा सिनेमा पाहिला. निवृत्त झालेले वीर, जुना शत्रू परत येतो, मग पेटीतून पोशाख काढून सगळे पुन्हा निघतात. त्यानं विचारलं, "आप्पा, तुमची पॉवर काय होती?"

"होती काय? हाय," आप्पा म्हणाले. "एसटी फुकट. सोबत्यासह."

या 'सोबत्यासह'मुळे घरात आप्पांचा मान टिकून होता. कुणाला नांदेडला दवाखान्यात, कुणाला लातूरला क्लासच्या चौकशीला जायचं असलं की आप्पांना प्रवासाला काढलं जाई. पेशंट राहायचा स्टँडवर बसून, आणि आप्पा कंडक्टरला रझाकार समजावून सांगत असायचे.

तर पॉवर. आप्पांचं खरं शस्त्र कुऱ्हाड. १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं लढा पुकारला. ७ ऑगस्टला 'हिंदी संघराज्यात सामील व्हा' दिन झाला, पोरांनी शाळा सोडल्या, सरहद्दीवरचे करोडगिरीचे नाके जाळले गेले. निजामाच्या खजिन्यात शिंदीच्या आबकारीचा पैसा मोठा, म्हणून शिंदीची झाडं तोडायची असंही ठरलं. बंदुकीला परवाना लागतो, कुऱ्हाड घरात असते. आप्पा तेव्हा सतरा वर्षांचे होते.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात ताम्रपट मिळाला तेव्हा आप्पांनी भाषणात सांगितलं, की आपण पंचवीस झाडं तोडली. १९९८ साली मुक्तिसंग्रामाचा सुवर्णमहोत्सव आला, तेव्हा झाडं पन्नास झाली होती. पुढं अमृतमहोत्सवात ती पंचाहत्तर होणार, हे कुणीही हिशोबी माणूस सांगू शकला असता. शिंदीची झाडं तोडून झाली १९४७ मध्ये; वाढत मात्र राहिली.

तसं पाहिलं तर आप्पा एकटेच वाढवत नव्हते. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, इथून जवळच्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली. वीस लाखांवर रक्कम मिळाली, ती लढ्याला लावली आणि पुढं तिचा पै-पैचा हिशोब दिला. दरोडा घालून हिशोब देणारे लोक जगात दुसरीकडे झाले असतील तर मला माहीत नाही. पण उमरीच्या बँकेत आपण शिरलो होतो असं सांगणारे आप्पालोक इतके होते, की सगळे खरे धरले तर त्या दिवशी बँकेत नोटांना जागाच उरली नसती.

आप्पांचा निजामावर राग होता, पण तो राग उर्दूत होता. शाळेत उर्दू शिकल्यामुळे त्यांचे पाढे उर्दूत, सही उर्दू वळणाची, आणि मीर उस्मान अली खानांना द्यायच्या शिव्या तर इतक्या नजाकतीच्या, की स्वतः निजामानं ऐकल्या असत्या तर मनसब दिली असती. कासीम रझवी हा रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील. त्यामुळे आप्पांनी जन्मात लातूरच्या वकिलाकडे केस दिली नाही. भारतीय फौजेबद्दल थोडी कुरबुर होती. "आम्ही तेरा महिने जीव काढला. फौज आली १३ सप्टेंबरला, १७ ला निजाम शरण. पाच दिवसांचं काम, अन् सगळं नाव त्यांचं. तेबी पोलीस अ‍ॅक्शन म्हणून!"

एक विषय मात्र निघाला की आप्पा आवाज खाली आणत. बिलोली-धर्माबाद भागात काम करणारे गोविंदराव पानसरे. १९४६ च्या ऑक्टोबरात अर्जापूरजवळ त्यांना मारलं. त्यांचं नाव घेताना आप्पा टोपी सरळ करत आणि झाडं मोजत नसत.

मग आलं पेन्शन. पुढं केंद्रानं लढ्यातल्या सैनिकांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांनाही मान्यता दिली आणि चाळीस वर्षं झोपलेले कॅम्प एका रात्रीत जागे झाले. ओळखणाऱ्या जुन्या सैनिकाचा दाखला लागे. ज्यांचं बांधावरून एकमेकांशी बोलणं बंद होतं ते दाखल्यापुरते कॉम्रेड झाले. ज्यांनी एका ताटात भाकरी खाल्ली त्यांनी एकमेकांना ओळखलं नाही. तिकडे बीडच्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आप्पा पेपर वाचून म्हणाले, "बीडवाल्यांनी लईच केलं. माणसानं झाडं वाढवावीत, जन्मतारीख वाढवू नये."

इथवर हे निवृत्त वीराचं सुखी आयुष्य झालं. पण सिनेमात जुना शत्रू परत येतो, तसा तो धर्माबादेतही आला. जुलै २०१० मध्ये.

गोदावरीवर बाभळीचा बंधारा होत होता. खाली पोचमपाडचं धरण. आपलं पाणी अडतं म्हणून आंध्रात आरडाओरड. १६ जुलैला चंद्राबाबू नायडू सत्तरेक आमदार-खासदार घेऊन सीमा ओलांडून आले, पोलिसांनी सगळ्यांना अटक केली आणि धर्माबादच्या आयटीआयचा तुरुंग झाला. जिथं पोरं वायरमन व्हायची तिथं माजी मुख्यमंत्री. गावात बातमी फिरली, "हैद्राबादहून माणसं आलीत."

आप्पांना एवढंच वाक्य पुरलं. वय ऐंशी. टोपी घातली, काठी घेतली. आजी म्हणाली, "कुठं जाऊलालाव?" आप्पा म्हणाले, "राहिलंय थोडं." आणि निघाले.

आयटीआयपाशी बंदोबस्त. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दुपारच्या उन्हात तावातावानं बोलणारा म्हातारा. बंदोबस्तावरच्या परगावच्या शिपायाला वाटलं, हा आतल्यांपैकीच एक चुकून बाहेर राहिला. त्यानं आदरानं हात धरून आप्पांना आत नेऊन बसवलं. शेजारच्या गृहस्थानं तेलुगूत विचारपूस केली. धर्माबादचा माणूस, तेलुगू येतंच. आप्पांनी तेलुगूत सांगितलं, की तुम्हाला एक थेंब नीळ्ळु मिळणार नाही. त्यानं हसून पाण्याची बाटली पुढं केली. आप्पांना तहान लागली होती. प्यायले.

पंधरा मिनिटांनी चूक उमगली, साहेबानं माफी मागितली. आप्पांना माफी नको होती. निजामाच्या काळात ते कॅम्पात होते, तुरुंगात कधी नव्हते. ती सल होती. त्यांनी साहेबाला विचारलं, "अटकेचा दाखला भेटंल का?"

नायडूंना चार दिवसांनी औरंगाबादमार्गे विमानानं हैदराबादला पोचवलं. २८ फेब्रुवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टानं बाभळीच्या बाजूनं निकाल दिला. फटाके वाजले. मग आप्पांनी निकाल चष्मा लावून वाचला. साठवण २.७४ टीएमसी, पण १ जुलैला दारं उघडायची ती २८ ऑक्टोबरपर्यंत उघडीच ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा दारं उघडून बघत बसायचं, आणि पाणी पुढं गेलं की दारं लावायची. "ही तर यजमानाची पंगत झाली," आप्पा म्हणाले. "पाहुणे उठले की आपलं पान."

खरी लढाई २०१८ साली उंबऱ्यावर आली. या वेळी शत्रू नातवाच्या वेषात होता. तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी मागणी केली होती, की आम्हाला तेलंगणात टाका. नातू निवेदन घेऊन आला. "आप्पा, तुमची सही पायजे. फ्रीडम फायटरची सही असली की वजन पडतंय."

आप्पांनी वाचलं आणि निजामासाठी राखून ठेवलेलं उर्दू प्रथमच घरातल्या माणसावर वापरलं. हैदराबादेतून बाहेर पडण्यासाठी आम्ही रक्त सांडलं, असंही म्हणाले. (रक्त झाड तोडताना अंगठ्याचं सांडलं होतं, पण सांडलं होतं.)

नातू शांतपणे म्हणाला, "तिकडं एकराला चार हजार देऊलालेत, पेरणीच्या आधी. चोवीस तास लाईट. तुम्ही निजामाला सोडलं, आप्पा. आता तिकडं निजाम कुठंय?"

आप्पा गप्प झाले. मी त्यांना गप्प पाहिलेलं ते पहिल्यांदा. मग त्यांनी लाल पेन मागितला. थरथरत्या हातानं एकेक कलम वाचत गेले. रस्ता. बरोबर. वीज. बरोबर. पाणी, दवाखाना, शाळेला मास्तर. बरोबर, बरोबर. शेवटची ओळ, 'सबब आमची गावं तेलंगणात समाविष्ट करावीत', तिच्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली सही ठोकली. "रडगाणं खरं हाय," म्हणाले. "पत्ता चुकलाय. मुंबईला धाडा."

त्याच सप्टेंबरात धर्माबादच्या कोर्टानं २०१० च्या प्रकरणात चंद्राबाबूंच्या नावानं वॉरंट काढलं. आप्पा आठवडाभर खूश होते. आपल्याही नावानं येईल अशी त्यांना आशा होती.

२०२२ मध्ये अमृतमहोत्सव सुरू झाला. सीमेच्या अलीकडे १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पलीकडे त्याच दिवशी राज्य सरकारनं राष्ट्रीय एकात्मता दिन केला आणि केंद्रानं हैदराबाद मुक्ती दिन. "लढाई एक, बारशी तीन," आप्पा म्हणाले. ब्याण्णव वर्षांच्या आप्पांना शाल-श्रीफळ मिळालं. सूत्रसंचालकानं माइकवर सांगितलं, "ज्यांनी पंचाहत्तर शिंदीची झाडं..." मी आप्पांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

त्यांना घरी सोडायला मी सोबत होतो. वाटेत ते थांबले.

"एकच होतं," म्हणाले.

"काय?"

"झाड. तेबी अर्धं. माझा अंगठा कापला तवा कुऱ्हाड त्यानं घेतली. उरलेलं त्यानं तोडलं." नाव सांगितलं, गावातल्या गरीब घरचं, मी कधी न ऐकलेलं. "कॅम्पातबी सोबत होता. पेन्शनच्या टायमाला माझ्याकडं आला दाखल्यासाठी. माझ्या कागदात पंचवीस झाडं लिहिलेली. एका झाडातलं अर्धं त्याला दिलं असतं, तर बाकीची साडेचोवीस कुठनं आणू?"

"मग?"

"न्हाई दिला दाखला."

घर आलं. आजीनं शाल घडी घालून पेटीत ठेवली. पुढच्या वर्षी अमृतमहोत्सवाची सांगता झाली, तेव्हा भाषणात कुणी झाडांची गोष्ट काढली नाही; काढणारे आप्पा राहिले नव्हते.

उमरीच्या बँकेचा हिशोब पै-पैसह लागला. धर्माबादच्या शिंदीचा लागलेला नाही. अर्धं झाड अजून देणं आहे.