कुंपणावरच्या नव्या शेजारीणबाई

“वहिनी, खराटा आधी खाली ठेवा बघू.”

“का हो, सुमनताई? तारेपासून थेट तुमच्या जास्वंदीपर्यंत जाळं ताणलंय!”

“माहितीय. गणपतीपासून मुक्काम आहे बाईंचा. मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढायची आणि तिच्यावर डोकं खाली करून बसायचं. जास्वंदीवरचे नाकतोडे परस्पर फस्त होतात, राहू द्या.”

“पण नाकतोडा चिकटतो आणि ही बया खुशाल फिरते, ते कसं?”

“सगळे धागे चिकट नसतातच मुळी. मधून कडेला जाणारे कोरडे. गोल गोल फिरवलेला तेवढा चिकट. हे घ्या माझं वाचायचं भिंग.”

“अगंबाई, ओळीनं थेंब लागलेत की! दव आहे का?”

“छे हो, डिंक तिचा. चुकून त्यावर पाय पडला तरी पायांवरचे केस आणि तेलकट लेप तिला सोडवतात.”

“पण एवढ्या वाऱ्यात हा डिंक वाळत कसा नाही?”

“त्यात क्षार असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसे ते हवेतली ओल ओढून घेतात. डिंक ओला तो ओलाच.”

“आणि जोरात हिसका मारला तर?”

“तर जास्तच घट्ट धरतो! सावकाश ओढलं तर नुसता ताणत जातो, सोडत नाही. अमेरिकेत अ‍ॅक्रन विद्यापीठातल्या मंडळींनी एकेक थेंब ओढून पाहिला, २०१० साली. त्यातले धिनोजवाला आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. शिवाय धागाही भरपूर ताणतो, म्हणून धडकेनं जाळं फाटत नाही.”

“म्हणजे कुणाचीच सुटका नाही?”

“पतंग निसटतात कधीकधी. अंगावरचे खवले डिंकाला देऊन टाकायचे आणि पळायचं.”

“लबाड मेले! बरं, यजमान कुठं असतात बाईंचे?”

“तो काय, वरच्या कडेला. किडमिडीत, तपकिरी.”

“हा? मला वाटलं पिल्लूच!”

“हळू बोला. जवळ जायला बिचकतोय बिचारा. मीलनाच्या वेळीच बऱ्याचदा ही त्याला धाग्यात गुंडाळते आणि खाऊन टाकते.”

“काय सांगता! थांबा, आमच्या ह्यांना बोलावते. चहा जरा गार झाला की फार कुरकुर करतात.”